काकाजींनी नापास केलेलं नागपूर

माणसानं कुठं राहावं हे त्या माणसाला स्वतःला कधीच कळत नाही, असं काकाजींचं ठाम मत होतं. ते फक्त काकाजींना कळायचं. त्यामुळे आमच्या वाशीमहून कोणी नोकरीसाठी मोठ्या शहराकडे निघालं, की आधी बालाजीला नारळ फोडायचा आणि मग काकाजींच्या दुकानी हजेरी लावायची, असा शिरस्ताच पडून गेला होता. नारळ न फोडता गेलेले दोघंतिघं मला माहीत आहेत. काकाजींना न विचारता गेलेला एकही नाही.

काकाजी आमचे घरमालक. जैन, किराण्याचे व्यापारी. पांढरं धोतर, काळी टोपी आणि बाराही महिने काखेत छत्री. रस्त्याला लागून त्यांचं दुकान, दुकानामागं त्यांचं घर आणि घरामागं, जिथं मिरच्यांचं गोदाम करायचं राहून गेलं होतं, तिथल्या दोन खोल्यांत आम्ही. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. वाशीम तेव्हा साधं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाल्याची ऐट फार पुढं आली. भिंतीत खिळा ठोकायला काकाजींची परवानगी लागायची आणि ती मिळायची नाही. आमच्याकडची कॅलेंडरं खिडकीच्या गजांना बांधलेली असत.

काकाजींच्या जगात निकाल दोनच: पास आणि नापास. वांगी, जावई, सरकार, हवा, सगळ्यांना हेच दोन. दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, तेव्हा तिचा एक दाणा दाढेखाली फोडून त्यांनी भर रांगेत अमेरिकेला नापास केलं होतं. मोठ्या जावयाला तर लग्नाच्या पंगतीतच नापास केलं, कारण त्यानं ताटात वरण टाकलं. तो बिचारा पुढं चांगला निघाला, सासऱ्याच्या दुखण्यात पायाशी बसून राहिला, पण निकाल काही बदलला नाही. "एकदा देल्ला निकाल म्हंजे देल्ला," काकाजी म्हणायचे. "व्यापाऱ्याचा शब्द हाये जी. पीठ नाई घडीघडी चाळाले."

शहराच्या बाबतीत हा अधिकार त्यांना कुठून आला? तर तरुणपणी ते नागपूरला इतवारीत एका नातेवाइकाच्या दुकानी धंदा शिकायला राहिले होते. नेमके किती दिवस, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पण तेवढ्या मुक्कामात त्यांनी इतकी बिऱ्हाडं बदलली होती, की धंदा शिकायला वेळ कधी मिळाला हा प्रश्नच आहे. नागपूर आलं म्हणजे मुंबई, पुणं, हैदराबाद सगळं आलंच. शहर म्हणजे शहर. तपशिलाचा फरक.

मोहल्ला ओळखायच्या त्यांच्या खुणा होत्या. "आधी कुत्रे पाहा," ते सांगायचे. "कुत्रे रोडके असले त लोक कंजूष. नापास." आणि गुबगुबीत असले तर? "मंग लोक अन्न फेकतात. नापास." दुसरी खूण ओट्यांची. दुपारी बायका ओट्यावर बसलेल्या नसतील तर तो मोहल्ला नाही, गोदाम आहे. बसलेल्या असतील तर तिथं माणसाची अब्रू टिकत नाही. अशा रीतीनं कुठल्याही वस्तीला दोन्ही बाजूंनी घेरलं, की ती पास होणार तरी कशी? आसेगावचा एक तलाठ्याचा मुलगा त्यांचा सल्ला डोक्यात घेऊन पुण्याला गेला आणि कुत्रे बघत फिरता फिरता त्याला कुत्रं चावलं. काकाजींनी पुण्याला नापास केलं.

मात्र एकदा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा एक पोरगा आला होता. मुंबईत कुठल्याशा गिरणीत लागला होता. बाकड्याच्या अगदी टोकावर बसून त्यानं विचारलं, कुठं राहू? काकाजींनी कुत्रे काढले नाहीत, ओटे काढले नाहीत. "तुह्या तांड्यातले लोक कुठं राह्यतात तिकडं?" असं विचारलं. त्यानं सांगितलं. "तिथीच राहा. वस्ती नापास हाये, पन तू पास होशीन." मी आत तांदूळ निवडत होते. मला वाटलं, चला, चुकून का होईना, शहाणपणाचं बोलले.

तर असे काकाजी. आणि अशा माणसाच्या हातात माझं नशीब होतं, हे मला टायपिंगची परीक्षा पास झाल्यावर कळलं.

नागपूरच्या एका सरकारी ऑफिसात मला नोकरी लागली. हुकूम आला आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. आई चुलीशी बसून डोळे पुसायची, ते धुरानं की कशानं हे कळायचं नाही. बाबांनी तर उन्हाळ्यात माझं लग्न उरकायचं मनाशी पक्कं धरलं होतं. तीनचार स्थळांची बोलणी चालूही होती. एकटी पोरगी, परकं शहर, ना मामा ना मावशी, राहणार कुठं? चार दिवस मी भांडले, दोन दिवस जेवले नाही, तेव्हा बाबांनी तोड काढली. काकाजी सोबत येतील. ते जो मोहल्ला पास करतील तिथं खोली मिळाली, तर नोकरी कर. सोमवारी हजर व्हायच्या आत नाही मिळाली, तर परत फिरायचं आणि मुकाट्यानं बोहल्यावर चढायचं.

आई म्हणाली, "पाहाय, बाप कसा कबूल झाला!" झाला म्हणजे काय! बाबा गणित शिकवत. काकाजी जन्मात एकही मोहल्ला पास करणार नाहीत, हे त्यांनी हातचा धरून मांडलं होतं. मलाही ते कळलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर तेवढंही गेलं असतं.

गुरुवारी बाबा, काकाजी आणि मी अकोल्याला जाऊन नागपूरची गाडी धरली आणि इतवारीतल्या एका धर्मशाळेत उतरलो. काकाजींच्या सामानात छत्री, पितळी गडवा आणि पाणी गाळायचं फडकं. जैनाचा नेम, गाळल्याशिवाय घोट नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खोली बघायला गेलेल्या घरी पाणी मागायचं, ते मालकासमोर फडक्यातून गाळायचं आणि मग ते फडकं उलगडून मालकालाच दाखवायचं, "पाहा, तुमच्या नळाले काय आलं ते," हे कशात बसतं? दोन घरांतून तर आम्ही चहाच्या आधीच बाहेर पडलो.

धरमपेठेत एका बाईंनी दार उघडायच्या आधी कोण म्हणून विचारलं आणि उघडल्यावर चहा घेणार का म्हणून विचारलं. "घेनार का म्हंजे देनार नाई," काकाजी जिना उतरता उतरता म्हणाले. "नापास." धंतोलीत पाट्याच पाट्या डॉक्टरांच्या. "इतके डाक्टर पोसतात ते लोक किती बिमार असतीन? नापास." सीताबर्डीवर रात्रभर गडबड. महालात लोक खिडकीतून दुसऱ्याच्या ताटात बघतात. सदरमध्ये कोणी बघतच नाही, माणूस मेला तरी. मी आपली मागून गडवा घेऊन चालते आहे आणि पुढं हे दोघं निघालेत, एक छत्री हलवत आणि दुसरे मनातल्या मनात खूश.

इतवारी तरी पास होईल असं मला वाटलं होतं. गल्लीगल्लीत त्यांचे सोयरे, व्यापारी, मंदिर जवळ, पाणी गाळलेलं. तिथं एका भल्या घरात माळ्यावरची खोली मिळतही होती. काकाजी खोलीत उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नापास."

आता मात्र बाबाही चमकले. "काहून जी? हे त सारे तुमच्या ओळखीचे."

"म्हनूनच त. इथं पोरगी शिंकली तरी वाशीमात समजीन. मंग ते नागपुरात राह्यली कशी? वाशीमातच राह्यली."

मला तेव्हा त्याचा एवढा राग आला, की त्यात त्यांनी काय म्हटलं हे मी ऐकलंच नाही. एक खोली गेली, एवढंच कळलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही शहराच्या पार टोकाला एका नव्या वस्तीत पोचलो. अर्धी घरं बांधून झालेली, अर्ध्यांच्या नुसत्या विटा. झाड नाही, ओटा नाही, पिठाची गिरणी नाही. कुत्रंसुद्धा नाही, त्यामुळे काकाजींची पहिलीच खूण वाया गेली. तिथं एक शाळेतल्या बाई एकट्या राहत. मधल्या वयाच्या, उंच, विणकाम करत बसलेल्या. मागची खोली द्यायची होती. त्यांनी "या" म्हटलं, खोली दाखवली, पाणी सकाळी येतं म्हणून सांगितलं आणि पुन्हा विणायला बसल्या. झालं.

काकाजी वाट बघत राहिले. बाबा खाकरले. बाई विणतच होत्या.

"बाई, तुमी काईच नाई इचारत?" शेवटी काकाजींनाच राहवलं नाही.

"काय विचारू? खोली पसंत असली तर तिनं सांगावं."

तिनं म्हणजे मी! तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव काढलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकाजी छत्री आपटत बाहेर. "हे घर होय की धरमशाळा? कोन, कुठची, कोनाची, काहीच इचारनं नाई! अशा ठिकानी मानूस ठेवाचा म्हंजे सामान ठेवल्यासारखं. नापास, साफ नापास." त्या खोलीची खिडकी मोकळ्या माळावर उघडत होती. मी ती जाताना लोटून घेतली आणि धर्मशाळेत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. एक दिवस उरला होता.

रविवारी सकाळी काकाजींना एका पानवाल्यानं पत्ता दिला. जुनी वस्ती, चांगलं घर, वरची खोली रिकामी आणि मालक आमच्यातलेच. हे शेवटचं महत्त्वाचं. जात जुळल्याशिवाय लग्नच काय, खोलीसुद्धा जुळत नसे. मी माझी एकुलती एक धड साडी नेसले, वेणी घातली आणि देवाचं नाव घेतलं.

आता काकाजींचा एक व्यापारी नेम होता: आपण कशासाठी आलो ते आधी बोलायचं नाही. आधी पाणी, मग पाऊसपाणी, मग सोयरेधायरे, आणि समोरचा माणूस स्वतःच विषयाला आला की मग भाव. दारात मालक आले तेव्हा काकाजी एवढंच म्हणाले, "वाशीमहून आलो. हे गुरुजी, हे त्यायची पोरगी." मालकांचा चेहरा खुलला. "या या, बसा," म्हणाले आणि आत वळून हाक मारली, "अहो, वाशीमची मंडळी आली." सतरंजी आली, पाणी आलं. काकाजींनी फडकं काढलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "थांबा, आम्हीच गाळून देतो." पोह्यांच्या आधी त्यांनी विचारलं, कांदा चालतो ना? चालत नाही म्हटल्यावर काकाजींचे पोहे वेगळे आले. काकाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की बघ, याला म्हणतात घर.

मग प्रश्न सुरू झाले. शिक्षण किती? मॅट्रिक, शिवाय टायपिंग. स्वयंपाक येतो का? येतो. पोळी की भाकरी? दोन्ही. मला वाटलं, वर चूल की स्टो हे ठरवत असतील. चष्मा नाही ना? नाही जी. मला वाटलं, रात्री दिवा किती जळेल याचा अंदाज घेत असतील. नागपूरचे लोक हिशोबी. जन्म कधीचा? तोही सांगितला. सरकारी नियम असेल. "गाणं वगैरे?" मालकीणबाईंनी विचारलं. "नाई जी, बिलकूल नाई," मी ठासून सांगितलं. आवाजाचा त्रास होणार नाही याची खातरी नको का द्यायला? बाईंचा चेहरा जरासा पडला. मला काही कळेना.

"जा, वरची खोली पाहून ये," त्या म्हणाल्या. मी जिना चढले, उतरले. मालक आणि मालकीणबाई दोघंही माझ्या पावलांकडे टक लावून बघत होते. जिना नवा असेल, जपत असतील.

खोली मात्र खरंच छान होती. चुन्याचा वास येत होता. काकाजींनीही आपले प्रश्न विचारले. पानी किती वाजता येते, शेजारी कोन, भांडन कोनाशी हाये? मालकांनी सगळ्याची उत्तरं हौसेनं दिली. मग काकाजी उठले, धोतराचा सोगा सावरला आणि भर बैठकीत म्हणाले, "गुरुजी, घर पास. मोहल्ला पास. इचारपूस करायची पद्धत हाये या लोकायमंधी. पास!"

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सगळं गणित एका शब्दात चुकलं होतं. आणि मी? मला त्या क्षणी काकाजींच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

तेवढ्यात मालकीणबाई आतून एका तरुणाला घेऊन आल्या. केस ओले करून चापून बसवलेले, मानेवर पावडर. तो समोर बसला आणि सतरंजीचे पट्टे मोजायला लागला. "हा आमचा धाकटा," बाई म्हणाल्या. "काय विचारायचं ते विचार गं, लाजू नको. आजकालच्या मुली तुम्ही."

मी काय विचारणार? मी काकाजींकडे बघितलं. "तुमीबी वरतेच राह्यता काय?" त्यांनी त्याला विचारलं.

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "आता कुठला? लग्न झालं की दोघं राहतील की वर. त्यासाठीच तर बांधली."

त्यांनी मुलासाठी चार ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता. रविवारी असे लोक येतच असत. वडील माणसं, सोबत साडी नेसलेली पोरगी, आल्याचं कारण कोणी बोलत नाही. मग दुसरं काय समजायचं? चूक त्यांची नव्हतीच. आमच्याकडे भाडेकरूला आणि सुनेला विचारायचे प्रश्न एकच आहेत, त्याला ते तरी काय करणार?

मला वाटलं, आता बाबा हात जोडतील, गैरसमज झाला म्हणतील. बाबांना कळलं होतं, माझ्याही आधी कळलं होतं. त्यांचा पडलेला चेहरा पुन्हा ताजा झाला. ते सरसावून बसले आणि म्हणाले, "मुलगा काय करतो?"

बापरे! तिथून पुढं मीही सतरंजीचे पट्टे मोजायला लागले. बोलणी होत राहिली. मालक म्हणाले, आम्हाला मुलगी पसंत आहे. बाबा म्हणाले, आमच्या काकाजींनी तर तुमच्यासमोरच पास म्हटलं. मालकीणबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावून हातात खण ठेवला. त्यांचा स्वभाव चांगला होता हो. त्याचाच जास्त राग आला.

रस्त्यावर आलो तेव्हा बाबांच्या पायांना पंख फुटले होते. "देवानंच आनलं इथं. घर पास, मोहल्ला पास, जात आपली, अन् पोरगी नागपुरात राह्यते म्हने, त राहा आता जन्मभर! तुमचे उपकार झाले, काकाजी."

मी खण त्यांच्या हातात कोंबला आणि भर रस्त्यात रडायला लागले. रडले म्हणजे रागानं. "मले नाई करायचं लगन! मले खोली पाह्यजे होती, नवरा नाई. तुमी दोघंबी एकाच माळेचे! तीन दिवस कुत्रे पाह्यले, ओटे पाह्यले, मले कोनी पाह्यलं का?" एक सायकलवाला थांबून बघायला लागला. बघू दे.

काकाजींनी छत्री काखेत मारली. टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. मग म्हणाले, "गुरुजी, नापास."

"काय नापास?"

"तो मोहल्ला. ते घर."

"आता पास म्हनलं तुमी! उभं राहून म्हनलं!"

"म्हनलं. मले वाटलं, ते भाडेकरूले इचारून राह्यले. भाडेकरूले कितीबी इचारा जी. त्याले नाई पटलं त तो वळकटी उचलते अन् दुसऱ्या मोहल्ल्यात जाते. म्या इथं किती डाव उचलली. उद्या हिनं वळकटी उचलली अन् तुमच्या दारात आली, त तुमीच वापस पाठवान तिले. पाठवान का नाई?"

बाबा हातातल्या खणाची घडी घालत राहिले. ते खोटं बोलणारे नव्हते.

"मंग चला गाडीले," ते म्हणाले. "आनखी कोन्ता पास हाये? एकबी नाई."

"त्या मास्तरीनबाईचा."

"तो त काल साफ नापास केला!"

"आज पास करतो."

"काकाजी, हे काय निकाल झाले? पोट्ट्यायचे पेपर मी असे तपासले त मले शाळेतून काढून टाकतीन."

"टाकतीन," काकाजी म्हणाले. "पन पोट्टी पास होईन."

"शब्द फिरवून राह्यले तुमी."

"फिरवून राह्यलो. वाशीमात सांगजा सगळ्यायले."

बाबा खाली मान घालून खण परत देऊन आले, मग आम्ही त्या नव्या वस्तीत गेलो. शाळेतल्या बाईंनी दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि "या" म्हटलं. काल नाही म्हणून आज का आलात, हेही विचारलं नाही. किल्लीसाठी बाबांनी हात पुढं केला. बाई त्या हाताला वळसा घालून आल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. बाबांनी दिलेला शब्द पाळला, एवढं मात्र त्यांचं मान्य करायला हवं. पण निघताना माझ्याकडे न बघता, "आईले पत्र टाकजो," एवढंच बोलले. काकाजींनी खोलीत जाऊन भिंतीवर बोटांनी टिचक्या मारल्या आणि बाईंना विचारलं, इथं खिळा ठोकला त चालीन ना? बाई म्हणाल्या, तिची खोली आहे, ठोकू दे. काकाजींना ते फार लागलं असावं. ते लगेच निघाले.

बाबांनी वाशीमात खरंच सांगितलं. काकाजीचा निकाल फिरते, हे दोन आठवडी बाजारांत गावभर झालं. का फिरला, ते बाबांनी सांगितलं नाही, कारण मग पोरीनं भर रस्त्यात स्थळ नाकारलं हेही सांगावं लागलं असतं. आणि काकाजींनीही सांगितलं नाही. ज्या शब्दावर त्यांनी सबंध हयात ऐट केली होती तो गेला, लोक तोंडावर हसायला लागले, नापास झालेला तो जावईसुद्धा म्हणे हसला. माझ्या नावाला डाग नको म्हणून हा म्हातारा तोंड शिवून बसला. मला हे आईच्या पत्रातून कळलं आणि ऑफिसात टाइप करता करता डोळे भरून आले. त्यांच्यावर मी किती चिडले होते, आणि किती बरोबर चिडले होते, ते सगळं खरंच आहे. तरी भरून आले.

दिवाळीला मी वाशीमला गेले. बाबा अजून माझ्याशी धड बोलत नव्हते; माझ्या ताटात काय हवं ते आईला सांगत. सकाळी मी काकाजींच्या दुकानी गेले. बाबा बाकड्यावर पिशवी घेऊन बसले होते, गूळ घ्यायला. दुसरं कोणी नव्हतं. पूर्वी दिवाळीच्या आधी त्या बाकड्यावर बसायला जागा नसायची.

तेवढ्यात किन्हीराजा गावचा एक शेतकरी आला, सोबत त्याची मुलगी. काकाजींचं झालेलं हसू त्याच्या कानी पोचलं नसावं. मुलीला नागपुरात नर्सिंगला जागा मिळाली होती. "काकाजी, कोन्त्या मोहल्ल्यात ठेवू हिले?"

काकाजींनी बाकड्यावरच्या बाबांकडे बघितलं. मग ते गादीवर सरकले. त्या गादीवर ते आपल्या मुलांनासुद्धा टेकू देत नसत. बाजूची जागा त्यांनी हातानं झटकली आणि मला म्हणाले, "ये, बस इथं." आणि त्या माणसाला, "मले काय इचारता जी? हे राह्यते तिथं एकटी. हिले इचारा."

मी बसले. पाय कुठं ठेवावे कळेना, एवढी ती गादी उंच. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुले कुठं राहावं वाटते?" मी तिला विचारलं.

तिनं आधी बापाकडे बघितलं. बाप हसला. "तिले काय समजते, बाई?"

"आमालेबी असंच वाटे," बाबा म्हणाले आणि गुळासाठी पिशवी पुढं केली.